काडेपेटी आणि दोन क्लचची गाडी

काडेपेटी हे काही कुणाचं पाळण्यातलं नाव नसतं. पण आमच्या या ड्रायव्हरला सगळे त्याच नावाने ओळखतात, आणि कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळूनही बघत नाही. हे नाव त्याने कमावलेलं आहे. तरुणपणी तो मालट्रकवर क्लीनर होता आणि एका उस्तादाच्या हाताखाली गाडी शिकत होता. उस्ताद मोठा खट. भरलेला ट्रक चढावर उभा करायचा, खाली उतरून चाकाच्या मागे टेकवून काडेपेटी ठेवायचा आणि म्हणायचा, "आता उचल गाडी. पेटी चेपली तर उतर आणि घरची वाट धर." भल्याभल्यांनी तिथे काड्यांचा भुगा केला. याने मात्र क्लच अर्धा सोडून गाडी अशी अलगद पुढे काढली की उस्तादाने ती पेटी उचलली, तिच्यातल्याच काडीने विडी पेटवली आणि पेटी याच्या खिशात घातली. तेव्हापासून हा काडेपेटी.

आणि तेव्हापासून त्याने चढावर थांबण्यासाठी कधी ब्रेक लावला नाही. फाटक असो, सिग्नल असो, चढ आला की डावा पाय क्लचवर अर्धा, उजवा ॲक्सिलरेटरवर नखभर, आणि गाडी जागच्या जागी तोलून धरायची. ना पुढे, ना मागे. "ब्रेक लावला की काय, दगडसुद्धा थांबतो," असं तो म्हणायचा, आणि हे म्हणताना मिशीवर हात गेलाच पाहिजे.

ट्रक सुटले आणि तो बाईंकडे लागला, त्याला आता इतकी वर्षं झाली की दोघांनाही नक्की आकडा सांगता यायचा नाही. बाई हाडांच्या डॉक्टर. दवाखाना टेकडीवर, घर खाली, आणि मधल्या रस्त्याच्या ऐन चढावर एक सिग्नल. तो सिग्नल यांची गाडी दिसली की लाल होतो, अशी काडेपेटीची पक्की समजूत होती, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. रोज सकाळी तिथे तो आपली कला दाखवायचा. मागच्या सीटवर बाई दारावरचा दांडा घट्ट धरून बसायच्या. त्यांची कंबर धरत असणार, असं काडेपेटीने कधीच ठरवून टाकलं होतं.

कंबरेचं माहीत नाही, पण याचा डावा गुडघा मात्र गेला होता. आयुष्यभर क्लच दाबून दाबून आतलं सगळं झिजलं होतं. गाडीतून उतरताना दार धरून क्षणभर उभं राहावं लागे. बाईंनी फोटो काढून बघितला आणि सांगितलं, "ऑपरेशन करून घ्या. मीच करते."

"बघू की बाई, जरा सवडीने," हा म्हणाला.

ही सवड काही मिळेना. बाई विचारायच्या, हा टाळायचा. सुरीला तो भीत नव्हता. ऑपरेशन झालं की काही महिने घरी बसावं लागणार, तेवढ्यात बाई दुसरा माणूस ठेवणार, आणि एकदा दुसऱ्याचं बूड त्या सीटला सवयीचं झालं की आपला कारभार आटोपला, ही त्याची खरी भीती होती. स्टिअरिंगपासून दूर केलेला काडेपेटी कसा दिसतो हे त्याला बघायचंच नव्हतं.

अशात एक दिवस बाईंनी जाहीर केलं की जुनी गाडी काढायची आणि जर्मन गाडी घ्यायची, तीही ऑटोमॅटिक.

काडेपेटीच्या तोंडात मारल्यासारखं झालं. "म्हणजे मी काय, नुसतं बसायचं? वॉचमनसारखं?"

"हौस आली मला," बाई म्हणाल्या. "आणि कुठला गिअरबॉक्स घ्यायचा ते तुम्हीच सांगा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

शोरूममध्ये टाय लावलेल्या विक्रेत्याने दोन गाड्या दाखवल्या. एकीत म्हणे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल फिरतं आणि त्या तेलाच्या जोरावर गाडी पुढे सरकते. चाल मऊ, स्वभाव सोशिक. दुसरीत दोन क्लच. एका क्लचवर गाडी पळत असताना दुसरा पुढचा गिअर लावून तयारच असतो, त्यामुळे गाडी मोठी चपळ. बोलणं बरंच झालं, पण काडेपेटीने त्यातला एकच शब्द ऐकला. परक्या गावात अचानक मावशी भेटावी तसा त्याचा चेहरा उजळला.

"क्लच आहे? मग हीच."

"पण काका, तो तुम्हाला दाबायचा नसतो. गाडी स्वतःच दाबते."

"असू दे. आहे ना? मग झालं."

अशी गाडी निवडली गेली. निवडताना पुढे काय होणार याचा विचार त्याने केला नाही. माणूस रुसलेला असला की विचार करत नाही.

पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी गिअर बदलायचा म्हणून याने सवयीने डावा पाय दाणकन दाबला. तिथे क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. गाडी जागीच खिळली आणि बाईंचा चष्मा उडून पुढच्या सीटवर आला. काडेपेटीने तो मान न वळवता मागे दिला आणि बाईंनी तो पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. नंतर काही दिवस हा डावा पाय सीटखाली दुमडून गाडी चालवत होता.

हळूहळू जमलं. पण चढावरची खोड जाईना. डावा पाय बेकार झाला म्हणून काय झालं, उजवा होता ना! सिग्नल लाल झाला की हा ॲक्सिलरेटरवर नखभर दाब देई आणि गाडी पूर्वीसारखीच तोलून धरी. मागे बाईंचा हात दांड्यावर. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं.

त्याच सुमाराला त्याचा गुडघाही सुधारला. जिना चढताना तो कण्हेनासा झाला. बायको रोज गुडघ्याला तेल चोळून देत असे, तिने सगळं श्रेय घेतलं आणि त्यानेही दिलं. "डॉक्टर काय करणार, असं तेल पाहिजे," असं तो दवाखान्याच्या दारात उभा राहून लोकांना सांगायचा!

वर्ष उलटलं आणि गाडी कुरकुरायला लागली. सुटताना अंगात हीव भरल्यासारखी थरथरायची. मग चढावर करपट वास यायला लागला. हा म्हणाला, पुढच्या ट्रकचा असेल. शेवटी एका सकाळी, त्याच सिग्नलला, समोरच्या पडद्यावर अक्षरं आली की गिअरबॉक्स तापला आहे, गाडी सुरक्षित जागी थांबवा. पुढे तिने पाऊल टाकायला नकार दिला. दवाखान्यात पेशंट खोळंबले होते. बाई बॅग घेऊन उरलेला चढ पायी चढून गेल्या, आणि काडेपेटी रस्त्याकडेला उभा राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. आपल्या गाडीतून उतरून बाईंना चालावं लागलं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करणारं एक गॅरेज होतं. ते एक तरुणी चालवत होती. वडिलांकडून शिकलेली, हात कोपरापर्यंत काळे आणि जीभ सरळ. तिने तेल बघितलं, वायरी बघितल्या, गाडी थंड होऊ दिली. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसली. "काका, रोज जाता तसे चला. माझ्यासाठी काही वेगळं करू नका."

चढ आला. सिग्नल अर्थातच लाल. काडेपेटीने गाडी तोलून धरली.

"ब्रेक का नाही दाबत?" तिने विचारलं.

"चढावर ब्रेक? तो शिकाऊ लोकांसाठी."

तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "हा आकडा बघा. आतल्या क्लचची गरमी आहे ही." आकडा बघता बघता चढत होता. "आता ब्रेक दाबा."

त्याने दाबला. आकडा थबकला आणि सावकाश उतरायला लागला.

"इथे पण हाफ क्लचच चाललाय काका. फक्त तो तुमच्या पायाखाली नाही, आत आहे. तुम्ही इथे ऐटीत उभे राहता आणि ते दोन क्लच बिचारे आत घासत बसतात. तेलवाली गाडी असती तर तिने तुमचे हे लाड आणखी थोडे दिवस सोसले असते. पण ताप तिलाही आलाच असता."

"म्हणजे माझ्या पायाने गेले?"

ती जरा मवाळली. "गाडी चांगली आहे, चालवणारा चांगला आहे. दोघांची ओळख नीट झाली नाही, एवढंच. नवीन क्लच टाकावे लागतील. बाईंना मी क्लच गेले एवढंच सांगते. बाकी तुमचं तुम्ही बघा."

याने त्या दिवशी काहीच बघितलं नाही. तोंडाला कुलूप लावून घरी गेला.

क्लच यायला वेळ होता, म्हणून भाड्याची गाडी आणली. क्लचवाली. काडेपेटीने पॅडलवर पाय ठेवला आणि त्याला माहेरी आल्यासारखं वाटलं. हे माहेरपण दुपारपर्यंत टिकलं. संध्याकाळी गुडघा टरारून सुजला होता आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो कठडा धरून बसला. बायकोने तेल आणलं, भरपूर चोळलं. काही उपयोग होईना.

"अहो, तेल तर तेच आहे," ती गोंधळून म्हणाली.

तेल तेच होतं. बदलली होती ती गाडी. वर्षभर गुडघ्याला आराम कुणी दिला, हे त्याला त्या पायरीवर बसल्या बसल्या कळलं. त्याने बायकोला काही सांगितलं नाही. तिच्या तेलाचा मान राखला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला आत बोलावलं. टेबलावर पेशंटना समजवायला ठेवलेला प्लास्टिकचा गुडघा होता. गाडीतून उतरून लंगडत येताना त्याला त्यांनी खिडकीतून बघितलं असावं.

"ती भाड्याची गाडी आजच परत करा," त्या म्हणाल्या. "आणि आपली दुरुस्त होऊन आली की विकून टाकते. असली बेभरवशाची गाडी काय करायची? मी टॅक्सीने येईन-जाईन."

गाडी नाही म्हणजे ड्रायव्हर नाही. ज्याला इतकी वर्षं भीत होता ते असं टेबलापलीकडून, साध्या आवाजात आलं. गप्प बसावं तर नोकरी जात होती आणि आळ त्या निरपराध गाडीवर येत होता. बोलावं तर नोकरी जातच होती, वर स्वतःचं नाक कापलं जात होतं. त्याने प्लास्टिकच्या गुडघ्याकडे बघत सगळं सांगून टाकलं. काडेपेटीपासून लॅपटॉपवरच्या आकड्यापर्यंत.

"गाडी बेभरवशाची नाही बाई. माझा पाय शहाणा नव्हता. गाडी ठेवा. वाटलं तर माणूस दुसरा बघा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "झालं बोलून? आता माझं ऐका. मी गाडीत कुठे बसते?"

"मागे."

"मागे बसणाऱ्या बाईला ऑटोमॅटिकची कसली हो हौस? गिअर हाताने पडला काय आणि आपोआप पडला काय, मला काय फरक पडतो?" त्या हसल्या. "तुमच्या मागे लागून लागून थकले. गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही करू दिलं नाहीत. मग मी गाडीचंच केलं."

काडेपेटीला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याला कुठे बघावं कळेना. वर्षभर तो या गाडीवर रुसला होता, आणि ती त्याच्या गुडघ्यासाठी आणलेली होती.

"मग आता विकायची?" त्याने कसंबसं विचारलं.

"बिघाड गाडीत नाही म्हणताय ना? मग कशाला विकू? तुमचा तो उजवा पाय तेवढा दुरुस्त करून घ्या."

तो बाहेर आला आणि जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं की म्हाताऱ्याला सर्दी झाली आहे. कुणीतरी आपला गुडघा बघून, न बोलता, आपल्यासाठी एवढं करून ठेवतं आणि आपल्याला ओझं होऊ नये म्हणून त्याला स्वतःची हौस म्हणतं! बाईंचे पाय धरावेत असं त्याला वाटलं, पण त्यासाठी वाकायला गुडघा नव्हता, म्हणून त्याने मनातल्या मनातच धरले.

नवे क्लच बसले. गॅरेजवाली म्हणाली की नव्या क्लचला गिअरबॉक्स सरावावा लागतो, त्यासाठी गाडी सावकाश फिरवून आणायची. "तुम्हीच चालवा काका. दोघं एकदमच शिका." दोघं शिकले. गाडी लवकर शिकली.

मग एका सकाळी पुन्हा तोच चढ. मागे बाई. सिग्नल आपला धर्म पाळून लाल झाला. काडेपेटीने ब्रेक दाबला आणि गाडी दगडासारखी उभी राहिली. डावा पाय शेजारी आरामात पसरलेला. सवयीने त्याने आरशात पाहिलं. दारावरचा दांडा रिकामा होता. बाईंचे दोन्ही हात मांडीवरच्या बॅगेवर होते.

"आज कंबर बरी दिसते बाई," तो म्हणाला.

"कंबरेला काय झालंय माझ्या?"

काडेपेटी आरशातल्या त्या रिकाम्या दांड्याकडे बघत राहिला. एवढी वर्षं. रोज सकाळी.

"बाई, तुम्हाला भीती वाटत होती? मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुम्हाला केवढा आनंद व्हायचा त्यात."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या माणसाने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, तेव्हा कुठे काडेपेटीने बाहीने डोळे पुसून ब्रेकवरचा पाय उचलला.