दाजींची गुणगुण

बिघडलेल्या वस्तूला आपण नुसतं भेटून आलो तरी तिला बरं वाटतं, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. बायकोकडचे सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. भोसरीतल्या एका कंपनीच्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये त्यांनी उभी नोकरी मेन्टेनन्सला काढली. कंपनीने शाल-श्रीफळ देऊन त्यांना निरोप दिला, पण दाजींनी कंपनीला निरोप दिल्याचं अजून माझ्या पाहण्यात नाही. दिघीतल्या त्यांच्या घराला आजही सुट्टी गुरुवारी असते, कारण आमच्या पट्ट्यातले कारखाने गुरुवारी बंद असतात. एरवी घरातलं काही ना काही दुरुस्तीला निघालेलं असतंच. मिक्सरवर ‘काम चालू आहे, स्विच लावू नये’ अशी पाटी लटकते आणि माझी मोठी मेव्हणी, म्हणजे आमच्या ताई, निमूटपणे खलबत्ता काढतात. बिजागऱ्यांना ग्रीस इतकं, की सणाला आलेला पाहुणा शर्टावर दिघीची खूण घेऊनच परत जातो.

प्रेस शॉपची एक जुनी रीत आहे. मशीनच्या पोटात काय चाललंय ते कळत नसेल, तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. दाजी ही रीत फ्रिजला लावतात, पाण्याच्या मोटरला लावतात. एकदा जिना चढून मला धाप लागली, तर स्क्रूड्रायव्हर उचलून ते माझ्याकडेही निघाले होते. ताईंनी मध्ये पडून मला वाचवलं.

अशा माणसाच्या हाती कंपनीच्या टूलरूममधल्या, म्हणजे हत्यारं बनवणाऱ्या विभागातल्या, त्यांच्या जोडीदाराने आपला गिटारचा ॲम्प्लिफायर दिला. कंपनीत कामगारांचा ऑर्केस्ट्रा होता तेव्हा हे जोडीदार त्यात गिटार वाजवायचे. खंडेनवमीला मशीन धुऊन, पुसून, झेंडूचे हार घालून पूजा झाली, की शेडमध्येच त्यांचा कार्यक्रम व्हायचा आणि दाजी वायरी सांभाळायला या ॲम्पच्या पेटीशेजारी बसायचे. ऑर्केस्ट्रा बंद पडला, पेटी जोडीदारांच्या गॅलरीत वर्षानुवर्षं भिजत-वाळत राहिली. जुना व्हॉल्व्हचा ॲम्प, काचेच्या नळ्या तापून लाल झाल्यावरच बोलणारा. रिटायर झाल्यावर जोडीदारांना पुन्हा वाजवावंसं वाटू लागलं, आणि दुसऱ्या कुठल्या पेटीतून आपला आवाज आपला वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. दाजी म्हणाले, “ठिऊन जा. नव्यावानी करून देतो.”

आणि त्यांनी केलाही. गंजलेला ट्रान्सफॉर्मर स्वतः वाइंड केला, सुकलेले कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्हसाठी पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. काम करताना एक हात कायम खिशात, कारण असल्या पेटीत बंद केल्यावरही करंट दबा धरून बसलेला असतो आणि दोन्ही हात लागले तर तो थेट छातीतून जातो. त्यासाठी त्यांनी पायजम्यांना खिसे लावून घेतले. ॲम्प चालू झाला, जोडीदार गिटार घेऊन धावत आले, आणि दाजींनी तर्जनी वर केली. “थांब. पेटीत गुणगुण हाय.”

पुढची कितीतरी वर्षं त्या घराने ती गुणगुण पोसली. दाजींनी सगळ्या वायरी बदलल्या. मग अर्थिंगवर संशय आला, म्हणून अंगणात खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला. खड्डा ताईंच्या मोगऱ्याच्या मुळाशी होता. मोगरा गेला, गुणगुण राहिली. एका खंडेनवमीला त्यांनी कंपनीच्या शिरस्त्याप्रमाणे पूजेआधी मशीनला रंग दिला, म्हणजे त्या पेटीचं मूळचं तपकिरी कातडी कापड मशीनच्या हिरव्या ऑइलपेंटखाली गाडलं. जुन्या ॲम्पचा शौकीन असलेला वाकडचा एक सॉफ्टवेअरवाला मुद्दाम ती पेटी बघायला आला होता. त्याने पेटी पाहिली, खुर्चीत बसला आणि पाणी मागितलं. दाजींना वाटलं, उन्हातून आलाय.

जोडीदार मात्र दर गुरुवारी यायचे. त्यांची बोटं संधिवाताने आखडत चालली होती.

“मला तर गुणगुण येत नाही, राव,” ते म्हणायचे. “बोटं चालतायत तोवर दे ना.”

“तुला न्हाई यायची. तुझं कान टूलरूमचं. आमी प्रेस शॉपात ऱ्हायलोय, बारीक आवाज आमाला कळतो.”

“मग राहू दे थोडी गुणगुण. तशीच चालेल मला.”

“चालंल कशी? ब्रेकडाउन मेन्टेनन्सच्या नावावर चढतं, भावा.”

ऐकू मलाही येत नसे आणि ताईंनाही. पण दाजींसमोर तसं बोलणं म्हणजे देवळात जाऊन देव नाही म्हणण्यासारखं होतं. एकेका गुरुवारी जोडीदार बोटं चोळत परत जात, तेव्हा मला दाजींचा राग यायचा. दुरुस्तीच्या हट्टापायी हा माणूस मित्राचं वाजवणं संपवणार, असं वाटायचं.

अशाच एका गुरुवारी दाजी डोळे मिटून, स्क्रूड्रायव्हर पेटीला लावून बसले होते. समोर जोडीदार, मी आणि ताई. एवढ्यात लाइट गेली. शेजारची पिठाची गिरणी थांबली, पेटीचा लाल दिवा विझला, डोक्यावरचा पंखा रेंगाळत रेंगाळत उभा राहिला. दाजींचे डोळे मिटलेलेच.

“हाय,” ते म्हणाले. “आज तर लई साफ येतीय.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जोडीदारांनी हळूच खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. त्यांनी दिवा पाहिला, मग पंखा पाहिला.

“लाइट कवा गेली?”

“आत्ताच,” ताई म्हणाल्या. पण पंखा थांबायला किती वेळ लागतो हे दाजींना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीवरून उचलून भिंतीला टेकवलं. मग स्वतःच्या गुडघ्याला टेकवलं आणि बराच वेळ ऐकत राहिले.

“हितंबी हाय,” ते हळूच म्हणाले.

इतकी वर्षं आम्ही ज्या माणसाला हट्टी म्हणत होतो, त्याच्या कानात प्रेस शॉप अजून चालूच होतं, आणि तो बिचारा ते पेटीत शोधत होता.

पिंपळे सौदागरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की प्रेसच्या दणक्यांनी कानांची झीज झाली आहे आणि ती भरून यायची नाही. जिना उतरताना ‘मग आता?’ असं मी कसंबसं विचारलं, तर दाजी म्हणाले, “पार्ट मिळत न्हाईत म्हनं.”

त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यांनी पेटीवरची ‘काम चालू आहे’ची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि जोडीदारांना म्हणाले, “वाजीव. उगंच थांबवलं तुला.” जोडीदारांची बोटं दोन-चार जागी अडखळली, पण त्या हिरव्या पेटीतून जो ऊबदार, भरलेला आवाज आला तो ऐकून ताईंनी डोळ्यांना पदर लावला. दाजी पूर्वीसारखे पेटीशेजारी बसले होते. स्क्रूड्रायव्हर कपाटात होता. तळहात तेवढा पेटीवर टेकवलेला होता.

आता पेटी जोडीदारांच्या घरी असते आणि गुरुवारी दाजी आणि मी तिकडे जातो. वाजवून झालं की दाजी माझ्याकडे वळतात.

“पाहुणं, गुणगुण यीत हुती का?”

“नाही हो दाजी. अजिबात नाही.”

“व्हय? मग मशीन ठीक हाय,” ते समाधानाने म्हणतात. जोडीदार स्विच बंद करतात, ताईंनी दिलेला डबा उघडायला सांगून चहा ठेवायला उठतात, आणि दाजी पेटी गार होईपर्यंत तिच्यावर हात ठेवून बसून राहतात.