जुनीही असू दे

ऑफिसात तिला सगळे एक्सप्रेस म्हणत. मी म्हणायचे ताई. मी साहित्याची पदवी घेऊन तिथे मजकूर तपासायला लागले, आणि तिच्या शेजारची खुर्ची मला मिळाली. ती टायपिस्ट. डोळे कागदावर, पाठ ताठ. पडद्याकडे कधी बघायची नाही.

"जेवताना घास तोंडात गेला की नाही हे आरशात बघतेस का गं?" असं विचारायची.

तिची बोटं टाइपरायटरवर तयार झालेली. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावरही अक्षरांची तीच जुनी मांडणी होती, म्हणून निभावलं. मग फर्मान निघालं : यापुढे नवी मांडणी. परीक्षा होईल. जो नापास होईल त्याला टायपिंगच्या टेबलावरून हलवणार.

"एक्सप्रेसची आता पॅसेंजर होणार," हेडक्लार्क म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

तिने पुठ्ठ्यावर नवा कीबोर्ड काढला. दिवसभर ऑफिसात जुनी मांडणी, संध्याकाळी घरी पुठ्ठा. ओट्याशी कुकरच्या शिट्टीची वाट बघतानाही बोटं चालूच. मुलगा म्हणाला, "आई, बोटांना आता पेन्शन दे." सून म्हणाली, "पुठ्ठा बडवून कुणी तबलजी झालंय का?"

ती झाली. माझ्यासमोर पुठ्ठ्यावर पानभर मजकूर वाजवून दाखवला. मी प्रत्येक बोट तपासलं. एकही चुकलं नाही.

पण धीर होईना. ती हेडक्लार्ककडे गेली. "साहेब, नवी शिकलेय मी. पण जुनी काढू नका. तीही असू दे. अडीअडचणीला."

"असू दे की," तो म्हणाला. "माहेर कुणाला सुटलंय!"

परीक्षेच्या दिवशी सकाळी सगळ्या मशिन्सवर नवी मांडणी आली. जुनीही राहिली. डाव्या कोपऱ्यातली दोन बटणं एकदम दाबली की एकीची दुसरी होणार, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. तिने मान डोलावली.

तिची एक सवय होती. परिच्छेद संपला की ती श्वास घ्यायची आणि डावा हात टेकवायची. करंगळी त्या कोपऱ्यात, अंगठा खाली. टाइपरायटरला त्याचं काही वाटत नव्हतं. ऑफिसच्या मशीनला वाटायचं कारण नव्हतं, त्यावर एकच मांडणी होती. पुठ्ठा तर पुठ्ठाच.

पहिला परिच्छेद सुरेख झाला. तिने श्वास घेतला. हात टेकला.

नंतरचं सगळं पान जुन्या मांडणीत उमटत गेलं. नुसता अक्षरांचा चिवडा. ती कागदाकडे बघत होती, वेगात, जवळजवळ आनंदात. हेडक्लार्क तिच्या पाठीशी उभा होता. त्याला दिसत होतं. मला माझ्या खुर्चीवरून दिसत होतं. मी उठले. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"परीक्षेत बोलायचं नसतं."

"साहेब, मांडणी बदललीय!" तरी मी बोललेच. तिला ऐकू गेलं नाही. बटणांच्या आवाजात ती कुणाचंच ऐकत नसे. त्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

वेळ संपल्यावर दार उघडलं, तशी मी आत गेले. तिने पडद्याकडे पाहिलं. मग छापलेलं पान हातात घेतलं. टेबलावर बोटं हलवत, प्रत्येक अक्षरामागचं बटण शोधत, तिने तो चिवडा मोठ्याने वाचून दाखवला. मजकूर लिफ्टच्या देखभालीचा होता. एक मात्रा चुकली नव्हती.

"वा!" हेडक्लार्क म्हणाला. "आता हे वाचून दाखवायला घरोघर जाणार का तुम्ही?"

पुन्हा हसले सगळे. या वेळी ती हसली नाही.

"एकदा परत घ्या, साहेब. फक्त एकदा."

"मागितलीत तुम्ही, ठेवली आम्ही. आता आमच्या नावाने खडे फोडू नका."

दुसऱ्या दिवशी तिचं टेबल टपालाच्या खोलीत गेलं. तिथे पाकिटं चिकटवायची असतात. दुपारी सगळ्या मशिन्सवरून जुनी मांडणी काढून टाकली. इतर कुणाचं असं होऊ नये म्हणून, असं हेडक्लार्कने सांगितलं.

मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले. ती डिंक लावत होती, कागदाकडे न बघता. पाकीट संपलं की श्वास घ्यायची आणि डावा हात टेबलावर टेकवायची. करंगळी कोपऱ्यात, अंगठा खाली.