हौदामागच्या सात पायऱ्या

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. मी गाइड आहे, फ्रेंच पर्यटकांना अजिंठा-वेरूळ दाखवतो. दंतकथा रंगवून सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

घर गारखेड्यात. मी आणि माय, दोघंच. माय सोयगावची, अंगठाबहाद्दर. जिल्ह्याबाहेर गेली ती एकदाच, शेगावला. दोन वर्षांपासून तिला विसरण्याचा आजार आहे. मी एकुलता एक, पण मला अहो-जाहो करते. "तुमी कोनाकडचे?" – रोज हेच. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, एखाद्या वेळी ओळखतील.

गेल्या हिवाळ्यात एका फ्रेंच म्हाताऱ्याने मला त्याच्या गावाची पुस्तिका दिली. सोयगावाहूनही लहान गाव. चर्च, कबुतरखाना, आणि बायकांचा धुण्याचा जुना हौद, वर कौलारू छप्पर. सकाळी चहा पिताना मायने हौदाच्या फोटोवर बोट ठेवलं.

"मागं सात पायऱ्या हायत. शेवटली फुटकी. लई घसरतं तिथं."

फोटोत मागे नुसतं गवत होतं. मी गंमत म्हणून म्हाताऱ्याला मेल केला. उत्तर आलं – पायऱ्या होत्या, तो लहान असतानाच बुजवल्या. सातच. शेवटची तुटकी. पण तुला हे कुणी सांगितलं?

मी घरात फ्रेंच पाठ करायचो, तेव्हा तिच्या कानावर काही पडलं असेल? पण पायऱ्या मलाच कुठे माहीत होत्या!

मग माय रोज त्या गावाबद्दल बोलू लागली. कोणती बाई लंगडी, कुणाचं कुत्रं चावरं, सगळं ठाऊक. मला आधी भीती वाटली, मग राग आला. खरं सांगतो, राग. नऊ महिने पोटात वाढवलेला मी आठवेना, आणि परक्या मुलखातलं कुत्रं आठवतंय!

शेवटी गेल्या महिन्यात मी हट्ट सोडला. म्हटलं, ती इकडे येत नाही तर आपण तिकडे जाऊ. पुस्तिका तिच्या मांडीवर ठेवली.

"माय, मी पण याच गावचा ना?"

तिने चष्मा पुसला. एकेक घर बोटाने चाचपत, मन लावून खूप वेळ शोधलं. मग मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली,

"नाय हो. तुमाला इथं कदी बघितलं नाय."

हे सगळं कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. तिलाच विचारावं, तर ती उलट मलाच विचारते, "तुमी कोनाकडचे?"