सोंडाबाईच्या तीन सोंडा

तिला सोंडाबाई म्हणत ते तिच्या बापामुळे. बाप मोटेच्या सोंडा शिवायचा. विहिरीतून पाणी काढायची कातडी मोट वर आली की तिच्या लांब नळीतून, म्हणजे सोंडेतून, पाणी भसकन कुंडीत पडे. बापाची बोटं सुजली की ही शिवायला बसे. पुढे विहिरीविहिरींवर पंप बसले आणि ते काम गेलं ते गेलंच.

नवरा मिळाला पाथरवट. त्याचं घर किल्ल्याच्या सोंडेवर होतं. डोंगराचा उतरत येणारा दांडा, त्यालाही सोंडच म्हणायचे. शत्रू चढायचा तर तिथूनच, म्हणून जुन्या लोकांनी तट आणि दरवाजा तिथंच भक्कम बांधले होते. मैत्रिणी म्हणाल्या, एका सोंडेतून सुटली नि दुसरीवर जाऊन बसली. तीही हसली. तटाच्या डागडुजीवर नवऱ्याच्या हाताखाली चुना कालवता कालवता ती छिन्नी धरायला शिकली.

दरवाजावर कमळात बसलेली देवी होती, दोन्ही बाजूंनी तिच्यावर पाणी ओतणारे दोन हत्ती. एकाची सोंड झिजून काकडीसारखी झालेली, दुसऱ्याची तुटलेली. ती नवी घडवायचं ठरलं आणि नेमका तेव्हाच नवरा कामासाठी बांधलेल्या बांबूच्या पहाडावरून पडला. मनगट जुळलं, पण वाकडं. मुकादम बाहेरचा कारागीर आणू म्हणाला. नवरा भिंतीकडे तोंड करून बसला, जेवायलाही उठेना.

"मी करते," ती म्हणाली.

"तुला दगड कळतो. हत्ती कुठं कळतो?" नवरा भिंतीकडे बघतच म्हणाला.

"हत्ती नाही कळत. पाणी ओतणारी सोंड कळते."

तिने कातड्याची सोंड शिवली, ओल्या वाळूने भरली, तुळईला टांगली आणि बारीक दोराने शेंडा वर ओढला. वाकलेल्या बाजूला सुरकुत्या दाटतात, दुसरीकडे कातडं ताणतं, हे ती दिवसभर बघत बसे आणि मग दगडावर उतरवी.

काम हातातोंडाशी आलं आणि शेंडा तुटला. तिने हात धुतले, भर दुपारी आडवी झाली आणि सकाळी दुसरा दगड मागितला. या वेळी नवरा शेजारी येऊन बसला. डाव्या हाताने दगड धरायचा, वाकड्या मनगटाचा टेकू द्यायचा. एका सुरकुतीवरून दोघांचं चांगलंच वाजलं. त्याला ती हवी होती, तिला नको होती. कोरली गेली नाही.

सोंड बसली तेव्हा मुकादम शिडी चढून वर गेला, बराच वेळ हात फिरवत राहिला. खाली आल्यावर त्याने एवढंच विचारलं, की झिजलेली दुसरीही कराल का. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो म्हणाला. "दगड मी निवडतो."

नवऱ्याचा हात काही सरळ झाला नाही, पण त्या घरात दगडाचं काम थांबलंही नाही. किल्ला बघायला आलेले विचारत, या सोंडा कुणी केल्या. ती चुना कालवत राही. तो मात्र पाहुण्याला दरवाजाखाली उभा करी आणि मान वर करायला लावून सांगे, "माझ्या बायकोने."