कोनाडे ज्याच्या बाजूला

पवनीतल्या आमच्या घराला लोक ऐतिहासिक म्हणतात, कारण त्यांना त्यात राहावं लागत नाही. घर उंचावर आहे आणि मागच्या अंगणाची माती ढासळू नये म्हणून पूर्वजांनी दगड-चुन्याची भिंत बांधलेली. तिच्या पायथ्याशी काकूचं घर. वाटणीत वरचं बाबांना मिळालं, खालचं काकांना. भिंत कोणाची, हे ठरवायचं मात्र राहून गेलं.

आमच्याकडे अशा भांडणाचा निकाल सोपा असतो: कोनाडे ज्याच्या बाजूला, भिंत त्याची. पण या भिंतीला बाजू एकच. वर नुसती माती, म्हणून कोनाडे खालीच. काका गेल्यावरही काकू रोज सांजेला त्यात दिवा लावून मालकी जाहीर करायची.

"मातीत कोनाडे ठेवतेत काय?" बाबा मला विचारायचे. मला, कारण भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही रीत दोघांनीही निष्ठेनं पाळली होती. भांडणाची ने-आण माझ्याकडे होती.

मागच्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं, दुरुस्तीचा खर्च दिसू लागला आणि दोघंही एकदम उदार झाले.

"भिंत तिचीच हाये म्हणा. कोनाडे तिकडंच आहेत ना?" बाबा म्हणाले.

हा निरोप घेऊन मी खाली गेले, तर काकू कोनाड्यांत विटा घालून वरून माती लिंपत होती.

"कोनाडे? कुठी आहेत कोनाडे? तुह्या बाबाले सांग, चष्मा बदलवा म्हणा."

लिंपायच्या भरात तिनं पाणी निघायला ठेवलेली भोकंही बुजवली. मग वर मुरलेलं पाणी जाणार कुठे? पोट आणखी सुटलं, तेही बरोब्बर तिच्या झोपायच्या खोलीवर. वर राहायला चल म्हटलं, तर म्हणाली, "भासऱ्यानं बोलावलं काय?" बाबांना म्हटलं, बोलवा. "मी कसा बोलू तिच्याशी? रीत हाये."

आई गेल्यावर काकूनंच मला वाढवलं होतं. आणि आता ती एका रीतीपायी दगडाखाली जाणार होती. शेवटी दोघांचा इतका राग आला, की कोणालाही न विचारता मी मिस्त्री बोलावला.

त्यानं आधी खालची खोली रिकामी करायला लावली. तेव्हा कुठे काकू अंथरूण घेऊन वर आली, डोक्यावर पदर, तोंड दुसरीकडे. बाबांचंही तोंड दुसरीकडे. काम संपेपर्यंत आमच्या घरात दोन पाठी राहत होत्या.

जुने दगड उतरवून मिस्त्रीनं ते पुन्हा चुन्यात बसवत आणले, भोकं मोकळी ठेवली. मग अंगणात येऊन विचारलं, "कोनाडे ठेवाचे, का बंद कराचे?"

कोनाडे गेले असते तर काकूचा हक्कही गेला असता. बाबांनी बराच वेळ सुपारी चघळली.

"ठेव," ते म्हणाले. "नाही तं दिवा कुठी लावन थे?"

काकूनं पदराआड नाक ओढलं. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

घरी परतली त्याच सांजेला तिनं दिवा लावला. बाबा अंगणाच्या कडेला आधीच जाऊन उभे होते.

"माह्या भिंतीले काजळी लागून राहिली ना!" ते ओरडले.

"कोनाडे पाहा पहिले, कोणाकडं आहेत!" काकू खालून कडाडली.

मी सवयीनं चपला घातल्या. पण निरोप न्यायला मला कोणी हाक मारलीच नाही.