न घटणारा ढीग

लग्न होऊन मी धरणगावला आले तेव्हा सासरी सुक्या मासळीचं दुकान होतं. मुंबईकडून गोण्या रेल्वेने यायच्या, स्टेशनवरून बैलगाडीने दुकानात. गोण्या मणाने घ्यायच्या; पण विकताना सुकट मापट्याने भरून द्यायची आणि बोंबील जुडीने. सासरे नव्हते. गल्ल्यावर सासूबाई बसत, त्यांना सगळे अक्का म्हणत. मागच्या कोठीचं काम यांच्याकडे आणि माझ्याकडे होतं.

सरकारने किलोची वजनं आणली. मापटं बंद, सगळं तराजूवर, असा हुकूम झाला. त्या पावसाळ्यात झड लागली ती उघडेचना. बाजारला माणसं कमी यायची, तरी माल रोज थोडाथोडा जातच होता.

एकदा आम्ही कोठीतला माल, गोण्या न उघडता, नव्या वजनांनी तोलून पाहिला. विकलेला वजा करून जितका उरायला हवा त्याहून जास्त भरला.

"किलोचं असंच असणार. आपल्याला अजून सवय नाही," हे म्हणाले.

"पण किलो शेरापेक्षा मोठा ना? मग आकडा कमी यायला हवा. वाढला कसा?"

त्यांनी पुन्हा तोललं. तेवढंच आलं. पुढच्या बाजारानंतरही तसंच. ढीग उंचीला खचत होता आणि वजन मात्र जागचं हलत नव्हतं. मला त्या कोठीत एकटीने जायला नको वाटू लागलं. खाऱ्या मासळीचा वास नाकात इतका मुरलेला की त्यात दुसरा काही वास मिसळला असता तरी कळला नसता.

अक्कांनी ऐकलं आणि ढिगाला हळदकुंकू वाहिलं.

"बरकत शे ती, पोरी. मोजू नको, नजर लागी जाई."

मी पुन्हा मोजलं नाही. यांनीही नाही.

जवळच्या वस्तीवरची एक बाई निंदणीच्या मजुरीवर जायची. दर बाजारी सुकट न्यायची. एका दुपारी ती भिजत धावत आली आणि दुकानाच्या पायरीवरच बसली.

"पोरे ओकी ओकी पडी गयात. तुमनी मासळी खादी व्हती."

हे कोठीत धावले. मी कंदील धरला. त्यांनी ढिगातल्या गोण्या फोडून दोन्ही हातांनी उपसायला घेतल्या. तोंडाशी मासळी कोरडी होती. खाली हात गेला तसा चिकट लगदा लागला, त्यावर गुलाबी बुरशी. मागच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं आणि खारी मासळी ते पीत होती. वाढलेलं वजन ते होतं.

अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. पाहिलं, आणि आल्या पावली मागे फिरल्या.

हे डॉक्टरला घेऊन वस्तीवर गेले. त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी माल नेला होता त्यांच्या घरोघर आम्ही गेलो, मासळी परत घेतली. उरलेला सगळा ढीग गावाबाहेर खड्डा खणून चुन्यात पुरला. बाईचा धाकटा मुलगा वाचला. मोठी मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. हे तिच्या मातीला गेले होते. कोणी त्यांना काही बोललं नाही. घरी येऊन म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

अक्का त्यानंतर गल्ल्यावर बसल्या नाहीत. आम्ही भिंत बांधून घेतली, फळ्यांचं मचाण केलं, थंडीत नवा माल आणला. गिऱ्हाईक हळूहळू येऊ लागलं.

ती बाई भर बाजारात आली. यांच्या हातातली तराजूची दांडी तशीच राहिली. तिने ढिगातून एक बोंबील उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"पहिले तू खा."

यांनी तो कच्चाच दातांनी तोडला, चावला, गिळला. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी होती. बोंबील पुरता संपल्यावर तिने मासळी घ्यायला पदर पसरला.