क्लचजवळची बोटभर वायर

आधी तो स्विच समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. हल्लीच्या बऱ्याच गेअरच्या गाड्यांत क्लचच्या पेडलच्या वर, आतल्या बाजूला, अंगठ्याएवढा एक स्विच असतो. क्लच तळापर्यंत दाबला तरच तो स्टार्टरला करंट जाऊ देतो. नाही दाबला आणि चावी फिरवली, तर समोर दिवे लागतात, क्लच दाबायची सूचना येते आणि गाडी ढिम्म. हे एवढ्यासाठी, की गाडी गेअरमध्ये राहिली असेल आणि कुणी तशीच चावी मारली तर ती जागेवरून उडी घेते.

गाडी घेतली त्या दिवशी शोरूममध्ये आम्हाला पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात देऊन फोटो काढायला उभं केलं. पेढे दिले. म्युझिक सिस्टिम कशी लावायची ते अर्धा तास शिकवलं. स्विचबद्दल एक शब्द नाही. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवायची मला सवय आहे आणि ती सवय पुढे मला पुरणार नाही.

मी पत्रकं लिहिते. पनवेलमधल्या आमच्या गटाचं कामच ते. हायवे ओलांडायला जागा नाही, सर्व्हिस रोडवर दिवे नाहीत, शाळेसमोर गतिरोधक नाही, यावर पत्रक काढायचं आणि चौकात उभं राहून वाटायचं. पत्रक एका पानात बसलं पाहिजे. वाचणाऱ्याला राग आला पाहिजे. आणि तळाला ठळक अक्षरात एकच ओळ: जबाबदार कोण? ती ओळ मी इतक्यांदा लिहिली आहे की हात आपोआप तिथे जातो.

गणपतीच्या आधीची गोष्ट. जुन्या पनवेलमध्ये आमची सभा होती आणि पत्रकांचे सहा गठ्ठे गाडीच्या डिकीत होते. सुकापूरला, आमच्या बिल्डिंगखाली, मी क्लच दाबून चावी फिरवली. नुसते दिवे. परत दाबला, परत दिवे. पाचव्या वेळी गाडी सुरू झाली ती मी थेट गॅरेजला नेली. गॅरेजवाला शिरढोणकडचा, पप्पांच्या ओळखीचा. खाली डोकं घालून बघून बाहेर आला.

"क्लचचा स्विच गेलाय, ताई. पार्ट मागवाया लागंल. चार दिवस."

"चार दिवस? मला अर्ध्या तासात सभेला पोचायचंय."

"मंग रिक्षानी जावा."

"सहा गठ्ठे घेऊन? काहीतरी करा ना. तात्पुरतं."

"तात्पुरतं म्हंजे डायरेक्ट करायचं. दोन वायरी जोडल्या की झालं. पन मी नाय करत शक्यतो."

"का?"

"आवो, मंग गाडी काय बघत नाय. गेअरमधी असली तरी स्टार्टर मारते."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे. करा तुम्ही डायरेक्ट."

त्याने बोटभर वायर कापली आणि पाच मिनिटांत काम केलं. निघताना खिडकीवर हात ठेवून म्हणाला, "घरात जो कोन चालवतो, सगळ्यांना सांगा हां. न्यूट्रल बघूनच चावी." मी मान डोलावली. सभेला वेळेवर पोचले. रस्त्यावरच्या सुरक्षिततेबद्दल चांगली वीस मिनिटं बोलले. टाळ्याही पडल्या.

सगळ्यांना म्हणजे घरात तिघंच. त्यातल्या पप्पांना मी सांगितलं. ते खूश झाले.

खूश का, तर पप्पांची सगळी नोकरी तळोज्याच्या एका कंपनीत ड्रायव्हर म्हणून गेली. तिथल्या जुन्या गाडीला असले स्विच नव्हते. रोज सकाळी दार उघडायचं, बाहेर उभ्या उभ्याच हात आत घालून चावी फिरवायची, इंजिन गरम होऊ द्यायचं आणि तोवर पिवळ्या फडक्याने काच पुसायची, ही त्यांची तीस वर्षांची रीत. आमची गाडी आल्यापासून ती मोडली होती. क्लच दाबायला आत बसावं लागे, आणि डावा गुडघा असा की नुसतं बसायचं-उठायचं म्हटलं तरी तोंड वाकडं व्हायचं. आता वायर जोडल्यावर त्यांची रीत परत आली.

"बघ, आता कशी शहाण्यासारखी वागते," ते गाडीबद्दल म्हणाले. "उगाच पायाशी हट्ट."

"पप्पा, न्यूट्रल बघूनच हां."

"तू मला शिकवतेस? मी कधी गेअरमध्ये ठेवलीय गाडी?"

हे खरं होतं. पप्पा गाडी न्यूट्रलमध्ये ठेवत आणि मागच्या चाकाला वीट लावत. आमच्या पार्किंगला थोडा उतार आहे आणि हँडब्रेक सैल होता.

आईला मी सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. पप्पांचा गुडघा गेल्यावर बावन्नाव्या वर्षी आईने क्लास लावला आणि पहिल्याच फटक्यात लायसन्स काढलं. ती गाडी चालवायची तेव्हा दर वेळी आत बसून, पट्टा लावून, क्लच पूर्ण दाबून, मगच चावी. तिला स्विच असला काय, नसला काय. असं मला वाटलं.

आणि क्लासच्या सरांनी तिला शिकवलं होतं: गाडी उभी केली की हँडब्रेक, पहिला गेअर, मगच चावी काढायची. ती ते मंत्रासारखं पाळायची. त्यावरून दोघांचं रोजचं चालायचं.

"अगं, गेअर कशाला अडकवतेस? वीट आहे ना."

"तुमची वीट तुमच्यापाशी ठेवा. मला सरांनी शिकवलंय."

"सरांना सांग, इथे तीस वर्षं चालवणारा माणूस बसलाय."

"बसलाय म्हणूनच मला शिकावं लागलं."

यावर पप्पा गडगडून हसायचे. आईने गाडी लावली की ते गुपचूप खाली जाऊन गेअर काढायचे आणि वीट लावायचे. दर वेळी. आम्हाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे.

पार्ट चार दिवसांत आला. गॅरेजवाल्याने फोन केला. मी म्हटलं, रविवारी येते. रविवारी मोर्चा होता. त्याने परत फोन केला. मी म्हटलं, गणपती होऊ देत. तिसऱ्यांदा केला तेव्हा मी पत्रकाचं प्रूफ तपासत होते. "हो हो, येतेच," म्हणून ठेवून दिला. गाडी चालू होत होती. चालू असलेल्या गाडीसाठी कोण वेळ काढतो? दुसऱ्या कुणी हे वाक्य बोललं असतं, तर मी त्याच्यावर आख्खं पत्रक काढलं असतं.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी आई करंजाड्याला मावशीकडे जाऊन आली. गाडी खांबाजवळ लावली. हँडब्रेक, पहिला गेअर, चावी. पप्पांचा गुडघा त्या दिवशी सुजला होता, म्हणून ते खाली गेले नाहीत.

सकाळी बरं वाटलं म्हणून गेले. हातात पिवळं फडकं. दार उघडलं, बाहेर उभं राहून हात आत घातला आणि चावी फिरवली.

मी वर दात घासत होते. आवाज आला. मोठा नव्हता. गाडी हातभर पुढे गेली असेल, जास्त नाही. पण उघड्या दाराच्या पुढेच खांब होता. उघडं दार खांबाला अडलं, मागे फिरलं, आणि दार आणि गाडी यांच्यामध्ये पप्पा होते.

तीन दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आई बाहेर बाकावर होती आणि मी आत. त्यांना बोलायला दम लागत होता, म्हणून मी कान जवळ नेला.

"आईला वायरचं बोलू नकोस."

"का?"

"तुझ्याकडे बघणार नाही ती."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. चूक माझी आहे, पप्पा, एवढं तरी. मी त्यांच्या पांघरुणाची कड सारखी करत बसले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

मग भेटायला येणारे सुरू झाले. शेजारचे, कंपनीतले, मावशीकडचे. प्रत्येकाला आई तेच सांगायची, त्याच शब्दांत. "गाडी मी लावली होती. गेअर मीच अडकवला होता. ते मला रोज सांगायचे, नको अडकवूस." येणारा माणूस म्हणायचा, असं मनाला लावून घेऊ नका. ती मान हलवायची आणि पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून. मी पाण्याचा ट्रे घेऊन उभी. एकदा मावशी म्हणाली, "या वयात शिकायचंच नव्हतं तू." आई म्हणाली, "हो." माझ्या हातात ट्रे होता आणि मी मावशीला पाणी दिलं.

आईने लायसन्स देवघराच्या ड्रॉवरमध्ये अगदी तळाला घातलं. बाजाराला रिक्षाने जाऊ लागली. गाडी खांबाजवळ धूळ खात उभी. मी स्वतःला सांगत राहिले, पप्पांनी शब्द घेतलाय. तो शब्द त्यांनी माझ्यासाठी घेतला होता आणि त्याची किंमत रोज मोजत होती आई.

गटात कुणीतरी म्हणालं, तुझ्या घरी झालं त्यावर पत्रक काढू, लोकांना कळेल. मला बरं वाटलं. मी बसले. मथळा लगेच सुचला. पहिला परिच्छेद शोरूमवाल्यांवर. दुसरा, कुठल्याही गॅरेजात पाच मिनिटांत हे स्विच डायरेक्ट करून मिळतात, विचारणारं कुणी नाही, यावर. भाषा धारदार होती. गॅरेजवाल्याबद्दल लिहिताना मात्र तो खिडकीवर ठेवलेला हात आठवला. तो नको म्हणत होता. त्याने तीन फोन केले होते. तरी मी लिहीत गेले आणि हात सवयीने तळाच्या ओळीवर आला. जबाबदार. पुढचा शब्द लिहिता येईना.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाल सोलत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. सभा, सहा गठ्ठे, बोटभर वायर, तीन फोन, पप्पांना सांगितलं आणि तिला नाही ते. हॉस्पिटलमधलंही सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"पार्ट कधी आला होता?"

"गणपतीच्या आधी."

तिने आणखी दोन-चार वाल सोलले.

"म्हणजे तो स्विच असता, तर मी गेअरमध्ये ठेवली तरी..."

"हो."

"आणि त्यांनी बाहेरून चावी मारली तरी."

"हो. सुरूच झाली नसती."

तिने सोललेल्या वालांचं पातेलं उचललं, ओट्यावर ठेवलं आणि पाठमोरी उभी राहिली. "इतके दिवस मी सगळ्यांसमोर बोलत होते," ती म्हणाली. "तू तिथेच उभी होतीस."

वायर माफ होईल कदाचित. ते उभं राहणं कसं होणार?

आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ताट वाढलंय. दूध आलंय. मग एका सकाळी म्हणाली, "त्या गॅरेजवाल्याला बोलाव. गाडी नेण्यासारखी नाही, इथेच येऊ दे."

तो आला. बॅटरी उतरलेली असणार म्हणून स्वतःची घेऊन आला. खिशातून एक छोटं खोकं काढलं, त्यावर मार्करने आमच्या गाडीचा नंबर लिहिलेला. तीन महिने त्याच्या फळीवर होतं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. आईला म्हणाला, "काकी, मला आनून बसवायला पायजे होता हा. वाट बघाया नको होती." आई म्हणाली, "तुम्ही कशाला? तुम्ही फोन केले होते." ती हे मला ऐकवायला बोलली नाही. तरी मी ऐकलं.

तो पेडलपाशी पाठीवर झोपला आणि थोड्या वेळाने वायरचा तुकडा बाहेर आला. आईने हात पुढे केला. त्याने तो तिच्या तळव्यावर ठेवला. काळा, दोन्ही टोकांना सोललेला, माझ्या करंगळीपेक्षा लहान. तिने तो कमरेच्या पिशवीत टाकला.

मग ती आत बसली. पट्टा लावला नाही. दोन्ही पाय क्लचपासून लांब ठेवले, गेअरचा दांडा पहिल्यात ढकलला आणि चावी फिरवली. दिवे लागले. क्लच दाबायची सूचना आली. बाकी काही नाही. पार्किंगमध्ये चिमण्यांचा आवाज ऐकू येत होता.

तिने चावी मागे घेतली आणि परत फिरवली. परत तेच. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "काकी, क्लच दाबा, मंग होल चालू."

"माहितेय मला," आई म्हणाली. "मला सरांनी शिकवलंय."

आणि चौथ्यांदा फिरवली. दिव्यांकडे बघत बसली, बराच वेळ. त्या सकाळी खाली एवढंच झालं असतं. पप्पा गाडीला दोन शिव्या घालून, गुडघा धरत आत बसले असते.

ती उतरली. खांबाच्या बुडाशी पडलेली वीट उचलली, पदराने तिच्यावरची धूळ पुसली, मागे गेली आणि चाकाला लावली. गेअर तसाच ठेवला. मग जिन्याकडे चालायला लागली. मी दोन पायऱ्या मागून चढले. ती थांबली नाही, पण वर पोचल्यावर दार माझ्यासाठी उघडं ठेवलं.